मेस्त्रींनी घडवलेला मोडका क्रूस

हरिश्चंद्र पांचाळ पहिल्यांदा आमच्या फरवानियाच्या क्लिनिकमध्ये आले, तेव्हा त्यांच्या कागदावर धंद्यापुढे ‘मार्बल कटर’ असं लिहिलेलं होतं. वय बावन्न. डाव्या कोपराला आठ महिन्यांपासून दुखणं. मी फिजिओथेरपिस्ट, अकरा वर्षं कुवेतमध्ये हेच काम करतेय. कोपर दाबून बघता बघता मी मराठीत विचारलं, “दगड कापता म्हणजे नक्की काय करता?”

मराठी ऐकून त्यांचा चेहराच बदलला. “तुमी मराठी? मग बरं झालं, मॅडम. हिंदीत दुखणं सांगताना निम्मं र्‍हातंय बगा.” मग म्हणाले, “कापतं ते मशीन. मी नुसता धरतो.”

कुवेतमधल्याच राई या कारखान्यांच्या भागात एका मार्बलच्या कारखान्यात ते तेवीस वर्षं काम करत होते. किचनचे ओटे, बेसिनच्या फळ्या, जिन्याच्या पायर्‍या. पण मूळचे ते राजापूरकडचे, चार पिढ्यांचे दगड घडवणारे. वडील धोंडू मेस्त्री जाती, पाटे, तुळशीवृंदावनं करायचे. दोन गावांच्या देवळांपुढच्या दीपमाळा त्यांच्या हातच्या. हरिश्चंद्र दहाव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून टाकी मारायला शिकले. ते डावखुरे. वडिलांनी सुरुवातीला हात बदलायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. पुढे घरोघर मिक्सर आले, वृंदावनं सिमेंटच्या साच्यातून निघायला लागली, आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं हरिश्चंद्र कुवेतला आले. इथे त्यांना सगळे मेस्त्रीच म्हणत, मीही म्हणायला लागले.

या सगळ्याबद्दल त्यांची तक्रार अशी नव्हती. घर झालं होतं, मोठी मुलगी सुरुची रत्नागिरीत नर्सिंगला होती, बायको लता भावाबरोबर आंब्याची कलमं बघत होती. “आपलं बरं चाललंय,” असं ते म्हणायचे, आणि ते खरंच वाटायचं. कोपर तेवढं दुखत होतं.

आमच्याकडे तेव्हाच नेरिस नावाची एक बाई खांद्यासाठी यायची. अठ्ठावन्न वर्षांची, वेल्सची. कुवेतमधल्या एगैला भागात राहायची आणि एका इंग्रजी शाळेत बावीस वर्षं संगीत शिकवत होती. जूनमध्ये निवृत्त होऊन कॅनडाला मुलीकडे जाणार होती, कायमची. तिच्या गावातलं आईवडिलांचं घर तीन वर्षांपूर्वी विकलं गेलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मेस्त्री कोपराला शेक घेत खुर्चीवर बसले होते आणि शेजारी नेरिस भिंतीवरून बोटं चालवायचा व्यायाम करत होती. दमली तेव्हा तिनं फोनमधला एक फोटो मला दाखवला. हिरवंगार आवार, बुटकं दगडी चर्च, आजूबाजूला तिरक्या झालेल्या जुन्या कबरी, आणि मधोमध चार पायर्‍यांवर उभा असलेला एक तांबूस दगडाचा खांब.

मेस्त्रींनी मान लांब करून पाहिलं. “मॅडम, ही दीपमाळ कुटली ओ? वरचा दगड पडलाय वाटतं.”

मी हसले आणि नेरिसला इंग्रजीत सांगितलं, की यांना हा देवळापुढचा दिव्यांचा खांब वाटला. ती मात्र हसली नाही. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

“यांना सांग, वरचा दगड खरंच गेलाय. हे यांच्या आधी कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांना हा नुसता खांब वाटतो.”

मग तिनं सांगितलं ते मी मराठीत सांगत गेले. हा क्रूस होता. सहाशे-एक वर्षांपूर्वी गावानं चर्चच्या आवारात उभा केलेला. खाली पायर्‍या, त्यावर एक चौकोनी दगड, त्याच्या खोबणीत खांब, आणि टोकावर कोरीव डोकं. अशा क्रूसांवर बहुतेक एका बाजूला क्रूसावरचा येशू आणि दुसर्‍या बाजूला बाळाला घेतलेली मरिया असायची. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक तिथे थांबायची. पुढे दोनशे वर्षांनी मूर्ती नकोत म्हणणार्‍यांचं राज्य आलं आणि ठिकठिकाणी ही डोकी फोडली गेली. तिच्या गावातलं कधी फुटलं, कुणी फोडलं, त्याची नोंद नाही. शेजारच्या गावानं पुढे नवं डोकं करून बसवलं. तिच्या गावानं नाही बसवलं.

“माझे वडील त्या आवारातलं गवत कापायचे,” नेरिस म्हणाली. “मी शाळेतून आले की त्या पायर्‍यांवर बसून त्यांची वाट बघायची. घरातली कुठलीच वस्तू मला न्यावीशी वाटली नाही. हा खांब न्यावासा वाटतो, पण तो काही नेता येत नाही.”

मेस्त्री फोटो मोठा करून बघत होते. “हातभर उंचीचा करून दिला तर?”

“कोण करून देणार?”

मेस्त्रींनी शेक काढून ठेवला. “मी.”

मी लगेच आडवी आले. सहा आठवडे हातोडा धरायचा नाही, असं मीच त्यांना बजावलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, कोपर दुकतंय ते ग्राइंडरच्या थरथरण्यानं. हातोडीनं नाय. हातोडीनं माझा हात कंदी दुकला नाय.” हे डॉक्टरी दृष्टीनं कितपत खरं होतं ते मला माहीत होतं. तरी शेवटी आमचं ठरलं, की महिनाभर ते फक्त कागदावर काम करतील, व्यायाम नियमित करतील, आणि मग मी सांगेन तेव्हा टाकी हातात घेतील.

त्यांनी नेरिसकडे चारी बाजूंचे फोटो मागितले. तिच्या गावातल्या चर्चची देखभाल करणार्‍या बाईंनी वीस-पंचवीस फोटो पाठवले, प्रत्येकात माप कळावं म्हणून एक लाकडी पट्टी उभी केलेली. मेस्त्रींनी ते मोठे छापून आणले आणि फरवानियाच्या खोलीत आपल्या पलंगाशेजारच्या भिंतीला चिकटवले. त्या खोलीत ते चौघं राहत. बाकीचे तिघं चेष्टा करायचे, की मेस्त्रींनी धर्म बदलला. मेस्त्री त्यांना खांबाचे कोपरे दाखवायचे. “बगा, खांब चौकोनी उठवलाय आनी मग चारी कोपरे मारलेत. पण तळाला कोपरा परत चौकोनावर आणून सोडलाय. हे सोडणं सोपं नाय बाबांनो.”

मार्चच्या शेवटी मी होकार दिला. कारखान्याचे फोरमन जयप्रकाश हे केरळचे, कडक पण सरळ माणूस. मेस्त्रींनी शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कोपर्‍यात बसून काम करायची परवानगी मागितली. जयप्रकाशनी विचारलं, “मशीनवर दोन तासांत होईल ते हातानं कशाला?” मेस्त्री म्हणाले, “मशीनचं तिला कुठेपण मिळेल.” यावर जयप्रकाशनी मागच्या अंगणातल्या उरलेल्या दगडांतून हवा तो घ्यायला सांगितलं. तिथे कुठल्याशा बंगल्याच्या दर्शनी भिंतीसाठी मागवलेल्या धोलपुरी तांबड्या दगडाचे तुकडे पडले होते. नेरिसच्या गावच्या दगडाच्या रंगाला तो बराच जवळ होता.

पहिला तुकडा तिसर्‍या शुक्रवारी फुटला. मेस्त्रींचा हात काळ्या दगडाला सरावलेला. हा दगड थरांचा, एकावर एक साय धरावी तसा. खांब अर्धा उठला होता आणि एका घावासरशी उभा चिरत गेला. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. आवाज पडलेला होता.

“वीस-बावीस वर्षांनी टाकी धरली, आनी दगडाचं अंग वळखता आलं नाय मला. वडील असते तर बोलणी खाल्ली असती.”

मी म्हटलं, “नेरिसला सांगू का, की नाही जमत?”

“छे छे. सांगू नका. मी दुसरा घेतो.”

दुसरा तुकडा घेण्याआधी त्यांनी दोन आठवडे नुसते उरलेले चुरेचारे फोडले. पाणी मारून थर कुठे दिसतात ते बघायचे, कुठल्या बाजूनं घाव घातला की दगड ऐकतो आणि कुठल्या बाजूनं चिडतो ते शोधायचे. लताला ते व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवत. लताचं म्हणणं वेगळंच होतं. “मोडकं कशाला करून देताय? भंगलेला देव आपण पाण्यात सोडतो. तुमी वरचं डोकं करून पुरं करून द्या की. बाईला आवडेल.”

मेस्त्रींनाही ते पटलं होतं. त्यांनी वहीत तीन-चार प्रकारची डोकी काढली आणि क्लिनिकमध्ये नेरिसला दाखवली. एकात छोट्या देवळीत आई आणि बाळ होतं, फार गोड. नेरिसनं प्रत्येक चित्र नीट पाहिलं. मग मला म्हणाली, “यांना सांग, हे सुंदर आहे, पण हे मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या आईनं, आजीनंही पाहिलं नाही. आम्हाला जो माहीत आहे तो एवढाच आहे.”

मेस्त्रींनी वही मिटली. म्हणाले, “बरोबर हाय त्यांचं. आपण का म्हणून दुसर्‍याच्या गावच्या देवाला तोंड लावायचं?”

मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दगडाचं काम चालू असतानाच, त्यांचा मला फोन आला. असा कामाच्या मध्येच फोन त्यांनी कधी केला नव्हता. मला वाटलं हाताला लागलं.

“मॅडम, तो माणूस डावखुरा व्हता!”

“कोण माणूस?”

“ज्यानं तो खांब केला तो! फोटो बगा, तळाकडचा, पट्टी ठेवलेला. टाकीच्या रेघा बगा कुटल्या बाजूला कलल्यात!”

मला काही कळेना, म्हणून पुढच्या शुक्रवारी मी राईला गेले. सकाळचे आठ वाजले होते, ऊन चढायचं होतं. बंद शोरूमच्या ओळीमागे त्यांचा कारखाना. मेस्त्री पत्र्याच्या सावलीत पोतं अंथरून बसले होते, नाकाला मास्क, समोर ओला दगड. खांब जवळजवळ पुरा झाला होता. शेजारी मूळ क्रूसाच्या तळाचा मोठा छापलेला फोटो विटेखाली दाबून ठेवलेला.

“हे बगा. उजव्या हाताचा माणूस दगड साफ करत गेला की रेघा अशा पडतात.” त्यांनी हवेत हात वरून उजवीकडून खाली डावीकडे ओढला. “माझ्या उलट्या पडतात. वडील नेहमी वरडायचे, दीपमाळेवर तुझा दगड लांबून वळखू येतो म्हणून. आता हे माझं काम. आनी हा फोटो.”

त्यांनी फोटो खांबाला लावून धरला. बारीक रेघा, पावसानं आणि काळानं झिजलेल्या, पण तळाकडे चारी बाजूंवर अजून दिसणार्‍या. आणि मेस्त्रींच्या ताज्या रेघा. दोन्ही एकाच बाजूला कललेल्या.

“मी नक्कल करायला गेलो नव्हतो,” ते म्हणाले. “मी माझा साफ करत चाललो व्हतो. मदेच फोटोकडं बगितलं आनी अंगावर काटा आला. चारी बाजूला तसंच हाय. एक बाजू असती तर मी म्हटलं असतं, दगड फिरवून घेतला असंल.”

जयप्रकाशही आले होते. त्यांनी चष्मा पुसून दोन्हीकडे पाहिलं, स्वतःचा उजवा हात हवेत फिरवून पाहिला, मग डावा. “असू शकतं,” म्हणाले. एवढंच म्हणाले, पण चहा त्यांनी स्वतः आणून दिला.

एक गोष्ट राहिली होती. खांबाचं वरचं टोक. मूळ खांब वर तिरका तुटलेला होता, आणि तुटलेलं कसं कोरायचं हे मेस्त्रींना ठरवता येत नव्हतं. दोनदा त्यांनी चुर्‍यावर कोरून पाहिलं. ते कोरलेलंच दिसायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, की खांब चार बोटं जास्त उंच ठेवायचा आणि वरचा भाग खरंच तोडायचा. दगड जसा तुटेल तसा. पण थरांचा दगड. एक घाव चुकला तर अख्खा खांब उभा चिरणार, आणि नेरिसच्या जाण्याला तीन आठवडे राहिलेले.

“तिला बोलवा,” ते मला म्हणाले. “तिच्या समोर करतो.”

पुढच्या शुक्रवारी नेरिस माझ्याच गाडीतून आली. कारखान्यात शिरताना तिनं शूज झटकले, चर्चमध्ये शिरावं तसे. खांब पाहून ती पुढे आली. गुडघ्यावर बसली आणि तळाच्या कोपर्‍यावरून, जिथे अष्टकोन चौकोनात उतरतो तिथून, बोट फिरवलं.

मेस्त्रींनी खांब ओल्या वाळूच्या पोत्यात आडवा रोवला होता, तुटायचा भाग तेवढा बाहेर. त्याला भोवती बारीक खाच मारलेली. त्यांनी हातोडी तिच्यापुढे धरली.

नेरिसनं मान हलवली. “नको. यांना सांग, बहुधा आमच्याच गावच्या कुणाच्या तरी हातानं तो एकदा तुटलाय. परत माझ्या हातानं नको.”

मी सांगितलं. मेस्त्रींनी हातोडी डाव्या हातात घेतली. दगडाला हात लावून कपाळाला लावला, जसा ते कुठल्याही कामाआधी लावतात. मग एकच घाव घातला, फार जोरातही नाही. टणकन आवाज झाला आणि वरचा तुकडा वाळूत पडला. त्यांनी लगेच खांबाकडे पाहिलं नाही. आधी मास्क काढला, तोंड पुसलं. मग पोतं बाजूला करून दोन्ही हातांनी खांब उचलला, उन्हात धरला, चारी बाजूंनी फिरवला. कुठेही चीर नव्हती. तूट तिरकी होती, मूळच्यापेक्षा थोडी उथळ, पण तिरकी.

“घाव बरोबर बसला,” ते म्हणाले.

नेरिस रडत होती आणि हसतही होती. मेस्त्री घाबरले. मला हळूच विचारलं, “काय बिघडलं का ओ?” मी म्हटलं, “नाही, आवडलंय त्यांना.” तेव्हा ते निवांत झाले आणि खांब आधीच वेगळ्या कोरून ठेवलेल्या पायर्‍यांच्या दगडावरच्या खोबणीत बसवून दाखवायला लागले. तो इतका नेमका बसला, की डिंक लावायची गरज नव्हती. तरी विमानात हलू नये म्हणून त्यांनी दोन भाग वेगळे बांधून दिले. नेरिसनं काय दिलं ते मला माहीत नाही. मेस्त्री घ्यायला तयार नव्हते, एवढं दिसलं. शेवटी तिनं जयप्रकाशना मध्ये घातलं आणि तिघांत काहीतरी ठरलं.

क्रूस दोन टॉवेलांत गुंडाळून नेरिसनं हातातल्या बॅगेतून कॅनडाला नेला. विमानतळावर तपासणीवाल्यानं बॅग उघडायला लावली. तुटका दगड बघून त्यानं विचारलं, हे फुटलंय, तरी नेताय? ती म्हणाली, हो, मुद्दाम फोडून घेतलंय. त्यानं तिला जाऊ दिलं. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. क्रूस आता तिच्या मुलीच्या घरात खिडकीत आहे.

डाव्या हाताचं मात्र तिनं गावाला कळवून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये चर्चच्या त्या देखभालीच्या बाईंचं माझ्या नावे पत्र आलं. संध्याकाळी अंधारून आल्यावर त्यांनी खांबाला बाजूनं टॉर्च लावून रेघा पाहिल्या होत्या. गावातला एक छपरांवर दगडी पाट्या बसवणारा म्हातारा बरोबर होता. त्याचंही तेच मत पडलं. खात्रीनं सांगता येत नाही, पण दिसतं तसंच. चर्चमध्ये येणार्‍यांसाठी ठेवलेल्या माहितीच्या कागदावर त्यांनी आता एक ओळ घातली आहे: खांबाचा घडवणारा बहुधा डावखुरा होता, हे कुवेतमधले कारागीर हरिश्चंद्र पांचाळ यांच्या लक्षात आलं. पत्राबरोबर तो कागदही होता.

मी तो मेस्त्रींना वाचून दाखवला. त्यांनी तो घेतला, आपलं नाव इंग्रजीत कुठे आहे ते विचारलं, त्यावर बोट ठेवलं. “वडलांचं नाव नाय घातलं,” म्हणाले. मी म्हटलं, कळवू का? “र्‍हाउं दे. जागा कमी असंल.” मग त्यांनी फोटो काढून लताला पाठवला. लताचं उत्तर लगेच आलं, ते त्यांनी मला ऐकवलं: “म्हणजे मोडकंच केलंत शेवटी! बरं झालं.”

मी एकदा त्यांना विचारलं, की नेरिसच्या गावाला जाऊन तो क्रूस बघावासा वाटतो का. ते थोडा विचार करून म्हणाले, “बगायला आवडेल की. पण नाय बगितला तरी चालेल. तो करणारा कसा बसला असंल, कुटल्या गुडघ्यावर जोर दिला असंल, ते मला म्हाईत हाय.”

कोपर आता बरंच बरं आहे. ग्राइंडर त्यांच्याकडून काढून घेतलाय; जयप्रकाशनी मुदीरशी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरशी, बोलून ते ठरवलं. पत्र्याखालचा तो कोपरा आता मेस्त्रींचा आहे आणि हातानं करायचं काम आलं की तिकडे जातं. फार येतं असं नाही. मधल्या वेळात ते पॉलिश करतात, माप घेतात, नव्या माणसांना दगडाचे थर ओळखायला शिकवतात.

सध्या एक कुवैती आजोबा त्यांच्याकडे येतात. जुनं घर पाडलं तेव्हा त्याच्या उंबर्‍याचा दगड त्यांनी वाचवून ठेवला होता; त्याला जोडून नव्या घरासाठी दुसरा हवा आहे. काम पंधरा दिवसांचं, पण आजोबा रोज येतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि अरबीत बोलत राहतात. मेस्त्रींना निम्मं कळतं. परवा मी तिकडून जात होते म्हणून डोकावले, तर दोघं खजूर खात बसले होते आणि आजोबा कुठल्याशा जुन्या विहिरीबद्दल हातवारे करून सांगत होते.

मला बघून मेस्त्रींनी खुर्ची पुसून पुढे केली. “या मॅडम, बसा. बाबांना गुडघ्याचं काहीतरी विचारायचंय तुमाला. मी सांगून ठेवलंय त्यांना, आमच्या मॅडम रागावतात, पण औषध बरोबर देतात.”